बाबा शाळेत रुळतो

शाळेत नाव ठमीचंच घातलं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. अर्ज मी भरला होता, त्यावर फोटो तिचा चिकटवला होता, आणि तो वाकडा चिकटला म्हणून कारकुनाची बोलणीही मीच खाल्ली होती. तरीसुद्धा त्यानंतर नक्की कोण शाळेत गेलं, कोणी कोणाला पोचवलं आणि शेवटी रडलं कोण, हे मला कोणी सरळ विचारलं तर मी गडबडतो. बायको म्हणते, त्यात गडबडण्यासारखं काय आहे? पण ती तिथे नव्हती. मी होतो, आणि तेही अशा खुर्चीवर, जिच्यावर बसलं की माणसाचे गुडघे हनुवटीला टेकतात.

आमच्या भागातल्या सरकारी शाळेने यंदा शिशुवर्ग काढला. मुलं चार वर्षांची, फी नाही, आणि प्रवेश फक्त परिसरातल्या कुटुंबांना. ही बातमी वरच्या काकूंनी आणली. वरच्या काकू म्हणजे आमच्या डोक्यावरच्या मजल्यावर राहणाऱ्या. ठमी दिवसभर त्यांच्याकडेच असायची, कारण बायको इस्पितळातल्या औषधांच्या काउंटरवर सकाळच्या पाळीला जाते आणि मी पाणीपुरवठा खात्यात तक्रारींच्या खिडकीत बसतो. आता काकू आपल्या मुलाकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. जायच्या आधी ठमीची सोय लावून जाईन, असा त्यांनी पणच केला होता.

सोय लागली नाही तर काय, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नव्हतो. तसं झालं तर बायकोला नोकरी सोडावी लागणार होती, हे उघड होतं. ठमी झाल्यापासून ती घरीच होती, आणि ही नोकरी तिला आत्ता कुठे मिळाली होती. आमचे बाकीचे कपडे खालच्या इस्त्रीवाल्याकडे जातात; आपला पांढरा कोट मात्र ती रोज संध्याकाळी स्वतः इस्त्री करते. सकाळी तो चढवून आरशासमोर जरा जास्तच वेळ उभी राहते. मी ते बघूनही न बघितल्यासारखं करतो.

तेव्हा मी रजा टाकली आणि शाळेत गेलो.

"तुम्ही स्थानिक आहात हे कशावरून?" कारकुनाने विचारलं.

"इथेच राहतो ना. त्या पलीकडच्या गल्लीत."

"असं सगळेच म्हणतात."

हे वाक्य ऐकून मला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटलं, कारण माझ्या खिडकीत मी रोज हेच म्हणतो. लोक सांगतात, नळाला पाणी नाही. मी म्हणतो, असं सगळेच म्हणतात. फक्त खिडकीच्या या बाजूने ते वाक्य इतकं लागत असेल, याची मला आजवर कल्पना नव्हती. घर सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे माझ्याकडचा एकही कागद चालेना. शेवटी कारकून म्हणाला, दोन शेजारी समक्ष आणा आणि त्यांच्याकडून वदवून घ्या.

मी काकूंना आणलं आणि इस्त्रीवाल्याला आणलं. दोघंही चांगले कपडे घालून आले होते. कारकुनाने पेन उघडून काकूंना विचारलं, "हे गृहस्थ तुमच्या शेजारी राहतात?"

"राहतात कसले!" काकू म्हणाल्या. "झोपायला येतात फक्त."

कारकुनाचं पेन थांबलं. मी काकूंना खूण केली. त्यांना वाटलं मी आणखी बोला म्हणतोय. "मुलगी बिचारी माझ्याकडेच असते दिवसभर. तिथेच जेवते, तिथेच खेळते. यांच्या घरात राहतं असं कोणी नाहीच म्हणा ना."

"आणि तुम्ही?" कारकून इस्त्रीवाल्याकडे वळला. "तुम्ही यांना ओळखता?"

इस्त्रीवाला सरळ माणूस. तो माझ्याकडे निरखून बघत म्हणाला, "शर्ट ओळखीचा आहे."

त्यानंतर कारकुनाला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी इस्त्रीवाल्याने माझी कॉलर उलटी करून आतली आपली खूण दाखवली, आणि मी स्थानिक ठरलो. सरकारदरबारी मला माझ्या कॉलरने ओळखलं जातं, हे मी बायकोला सांगितलं नाही.

ज्यांनी साक्ष दिली त्यांना आता आमच्यावर हक्क आला. इस्त्रीवाला शर्टाच्या घडीबरोबर रोज एक सल्ला पाठवू लागला. काकू तर सामान बांधायचं सोडून आमच्याकडेच बसल्या. ठमी अनोळखी माणूस दिसलं की माझ्या पायामागे जाते, एवढी एकच अडचण होती. त्यावर काकूंकडे रामबाण उपाय होता.

"तिला सांगायचं, बाबाला शाळेची भीती वाटते. तूच त्याला सांभाळ. दुसऱ्याला सांभाळायचं म्हटलं की मूल आपली भीती विसरतं. मी आमच्या मुलाला असंच घातलं शाळेत."

"पण मला भीती वाटत नाही," मी म्हणालो.

"तुला काय वाटतं याचा इथे प्रश्नच नाहीये," बायको म्हणाली.

मग दोघींनी मिळून ठमीला समोर बसवून माझी करुण कहाणी सांगितली. बाबाला शाळेत एकटं वाटतं, बाबाला रडू येतं, बाबाला कोणी मित्र नाहीत. यातलं शेवटचं त्यांनी कुठून काढलं ते मला कळेना. मला मित्र आहेत. ऑफिसात एक आहे. ठमी डोळे मोठे करून ऐकत होती, आणि ऐकून झाल्यावर तिने उठून माझ्या पाठीवरून हात फिरवला. उपाय लागू पडल्याचं काकूंनी तिथल्या तिथे जाहीर केलं.

लागू पडला, यात वादच नाही. पहिल्या दिवशी ठमी पुढे आणि तिचं बोट धरून मी मागे, अशी आमची वरात निघाली. फाटकापाशी इतर मुलांनी भोकाड पसरलं होतं. ठमी त्यांच्यामधून मला ओढत थेट वर्गात गेली आणि बाईंसमोर उभी राहिली.

"हा माझा बाबा आहे," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "त्याला शाळेची भीती वाटते. त्याला ओरडायचं नाही."

सगळे पालक वळले. रडणारी दोन मुलंही रडायची थांबून माझ्याकडे बघू लागली. बाई वयाने लहान, बोलायला गोड. "नाही हं ओरडणार," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं ती नजर मी ओळखतो. खिडकीसमोर कोणी फारच आरडाओरडा करायला लागला की मी त्याच्याकडे असाच बघतो.

बाईंची एक खुर्चीची पद्धत होती. सुरुवातीला प्रत्येक पालकाने वर्गात भिंतीला लागून छोट्या खुर्चीवर बसायचं. मग रोज आपली खुर्ची थोडी थोडी दाराकडे सरकवायची. मग दाराबाहेर, मग व्हरांड्यात, मग फाटकापाशी. खुर्ची फाटकाबाहेर गेली आणि मूल वर्गातच राहिलं, की मूल रुळलं. पद्धत छान होती. माझ्या शेजारच्या खुर्च्या रोज पुढे सरकत होत्या, त्यांच्यावरचे पालक सुटल्याच्या आनंदात एकेक करून व्हरांड्यात पोचत होते. माझीही खुर्ची मी दारापर्यंत नेली. ठमी हातातला चिकणमातीचा गोळा टाकून आली आणि मी बसलेलो असतानाच खुर्ची आत ओढू लागली.

"ठमे, बाबांना जाऊ दे ना तिकडे," बाई म्हणाल्या.

"नको. तिथे तो एकटा पडतो," ठमी म्हणाली. "अजून रुळला नाही तो."

आता माझ्या वाट्याला आलेले हाल सांगायचे तर ते असे. ठमी पाणी प्यायला गेली की आधी मला पाणी. तिच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्यातलं अर्धं मला. वर्गभर ऐकू जाईल अशा आवाजात, "बाबा, तुला शू लागली का?" मी रिकामा बसलो की कंटाळून रडेन, म्हणून तिने मला कागद आणि खडू आणून दिले. मी निमूटपणे एक नळ काढला, आमच्या खात्याचा. बाईंनी तो फळ्याशेजारी टाचला. त्याच्यासमोर रोज मुलांची चर्चा व्हायची, आणि तो हत्ती आहे यावर त्यांचं एकमत झालं. हजेरी घेताना ठमीचं नाव झालं की बाईंच्या आधी मुलंच ओरडायची, "ठमीचा बाबा!" पहिल्या दिवशी मी गप्प बसलो. पण ठमीने मला कोपराने ढोसलं, आणि त्यानंतर मी "हजर" म्हणू लागलो.

गंमत म्हणजे ठमी स्वतः उत्तम रुळली होती. गाणी म्हणत होती, भांडत होती, एका शेंबड्या मुलाचं नाकसुद्धा पुसत होती. फक्त मला सोडत नव्हती. फाटकापाशी रोज एक बाई आपल्या मुलीला घेऊन उभ्या असत. त्यांच्या मुलीचं नाव प्रतीक्षायादीत पहिलं होतं. त्या अगदी मायेने विचारत, "नाहीच का हो राहत तुमची मुलगी एकटी?" मी सांगे, मुलगी राहते हो, मी राहत नाही. त्यांना हे कळत नसे. मला तरी कुठे कळत होतं?

शेवटी मी ठमीला खरं काय ते सांगायचं ठरवलं. जेवणाच्या सुट्टीत तिला समोर बसवलं. "हे बघ, बाबाला भीतीबीती काही वाटत नाही. ती आम्ही तुला उगीच सांगितलेली गोष्ट होती. मी अजिबात घाबरत नाही."

ठमीने माझ्याकडे मायेने बघितलं. "मी पण डॉक्टरकडे असंच म्हणते," ती म्हणाली.

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑफिसातून साहेबांचा. रजा कधी संपणार, तक्रारींचा ढीग कमरेपर्यंत आलाय, शिशुवर्गात तुमचं नक्की काम काय, असं त्यांनी एका दमात विचारलं. मी ताडकन उभा राहिलो, खुर्ची पार्श्वभागाला अडकून माझ्याबरोबर उठली, आणि त्या अवस्थेत मी "होय साहेब, नाही साहेब, चुकलं साहेब" एवढंच बोलू शकलो. फोन ठेवला तेव्हा अख्खा वर्ग माझ्याकडे बघत होता. ठमीने खुर्ची सोडवली, माझा हात धरला आणि बाईंना म्हणाली, "बघितलंत? कसा थरथरतोय."

मी फोन खिशात टाकला आणि निमूटपणे परत त्याच खुर्चीवर बसलो.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्या वाईट नव्हत्या, नियम मात्र नियम होता. "शुक्रवारी तुमची मुलगी शाळा सुटेपर्यंत तुमच्याशिवाय बसली पाहिजे. नाहीतर जागा पुढच्या मुलीला द्यावी लागेल. तिच्या घरचेही इथलेच आहेत, त्यांनाही गरज आहे."

मी म्हणालो, "अहो, पण भीती माझी आहे, तिची नाही." म्हणजे मला म्हणायचं होतं की भीती माझी आहे असं तिला वाटतं. पण वाक्य निघालं ते असं. मोठ्या बाईंनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे सरकवला आणि अशा बाबतीत हल्ली चांगले डॉक्टर असतात, असं हळू आवाजात सांगितलं.

काकू त्या आठवड्यात निघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "उपाय चांगलाच होता, तुम्हीच जरा जास्त घाबरलात."

गुरुवारी संध्याकाळी बायको कोट इस्त्री करत होती. मी शुक्रवारचं सांगितलं. ती बाहीवरून इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, "नाही जमलं तर नाही. सांगेन मी तिकडे. दुसरं कोणीतरी मिळेल त्यांना." आणि कोट उचलून तिने खिळ्याला अडकवला, कॉलर नीट केली, खांद्यावर नसलेली सुरकुती हाताने साफ केली. ती चिडली असती तर मी भांडलो असतो. पण ती चिडली नाही. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच्या जोडीला खरीखुरी भीतीही वाटली. शाळेची नव्हे, उद्या दुपारी या घरात काय झालेलं असेल त्याची.

शुक्रवारी सकाळी शिपाईमामांनी माझी खुर्ची फाटकाबाहेर रस्त्यावर नेऊन ठेवली. प्रतीक्षायादीतल्या बाई लेकीसकट हजर होत्या. आज लेकीच्या पाठीला दप्तरही होतं. मोठ्या बाई खिडकीत उभ्या होत्या. ठमीने खुर्ची बघितली, माझ्याकडे बघितलं आणि सरळ खुर्चीचा पाय धरला.

"आत चल. इथे गाड्या आहेत. तू घाबरशील."

मी घाबरत नाही, असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते म्हणून काय झालं होतं ते मला माहीत होतं. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"ठमे, मला भीती वाटते," मी म्हणालो. "आज तर खूपच वाटतेय. पण मला एकट्याने बसून बघायचंय. जमतं का ते बघायचंय. तू आत गेलीस तरच बघता येईल ना?"

ठमीने खुर्चीचा पाय सोडला. तिने बराच विचार केला. माझ्या आयुष्यातल्या कुठल्याच साहेबाने माझ्या अर्जावर इतका विचार केलेला नाही.

"रडू आलं तर?"

"तर रडेन थोडं. आणि पुसेन."

तिने फ्रॉकला टाचलेला रुमाल पिन सोडवून माझ्या खिशात कोंबला. पाण्याची बाटली माझ्या मांडीवर ठेवली. मग शिपाईमामांकडे जाऊन मान वर करून सांगितलं, "हा रडला तर त्याला ओरडू नका. मला बोलवा." आणि परत येऊन माझ्या गालाला हात लावला. "उठायचं नाही हं इथून. मी येते."

ती गेली. पायरीवर एकदा वळून बघितलं, मी बसलोय याची खात्री केली आणि वर्गात शिरली. मी रुमाल काढला, तो नाक पुसायला, एवढंच माझं म्हणणं आहे. शिपाईमामा दुसरीकडे बघू लागले.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या. "ती छान बसलीय, आता तुम्ही ऑफिसला गेलात तरी चालेल." मी नाही म्हणून मान हलवली. उठायचं नाही असं मी कबूल केलं होतं. ती कधीही खिडकीतून डोकावली असती. म्हणून भर रस्त्यावर, इस्त्रीच्या शर्टात, लहान मुलांच्या खुर्चीवर, मांडीवर बदकाचं चित्र असलेली बाटली घेऊन मी बसून राहिलो. एक ओळखीचे गृहस्थ थांबले. वरचेवर माझ्या खिडकीत येणारे. "साहेब, तक्रारींची खिडकी इथे हलवली का?" आणि उत्तराची वाट न बघता नळाला पाणी नसल्याचं सांगू लागले. मी नेहमीचं वाक्य म्हणणार होतो, पण म्हटलं नाही. त्यांची पूर्ण तक्रार ऐकून घेतली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

शाळा सुटली. ठमी सगळ्यांच्या पुढे पळत आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि वाकून माझे डोळे तपासले.

"रडलास?"

"नाही."

"थोडंसं?"

"थोडंसं."

तिने मागे वळून बाईंना, मोठ्या बाईंना आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं, "रुळला!"

मोठ्या बाईंनी मान डोलावली. जागा ठमीची झाली. प्रतीक्षायादीतल्या बाईंनी लेकीच्या पाठीवरचं दप्तर काढलं आणि मला म्हणाल्या, "चला, तुमचं तरी झालं." त्यांच्याकडे मला बघवेना. मी सगळ्यांत आधी बायकोला फोन केला. ती औषधं देत होती, मी म्हटलं, "कोट इस्त्री कर." पलीकडे तिने कोणाला तरी एक मिनिट थांबायला सांगितलं, मग मला म्हणाली, "बरं."

सोमवारी मी ठमीला पोचवायला गेलो. फाटकापाशी शिपाईमामांनी सवयीने माझी खुर्ची मांडून ठेवली होती. मी बसायला वाकलो, तर ठमीने मला थांबवलं.

"आता तू मोठा झालास," ती म्हणाली. "रोज रोज शाळेत नाही यायचं. ऑफिसला जा."

मी रुमाल परत द्यायला काढला. "असू दे तुझ्याकडे," ती म्हणाली, आणि शेंबड्या मित्राचा हात धरून आत गेली. पायरीवर ती वळेल म्हणून मी हात वर करून ठेवला होता. ती वळली नाही. मुलं तिच्यामागून जात राहिली, पायरी रिकामी झाली, आतून हजेरी ऐकू आली. ठमीचं नाव झालं, आणि त्यानंतर लगेच पुढचं नाव.

"खुर्ची आत घेऊ का, साहेब?" शिपाईमामांनी विचारलं.

"राहू द्या थोडा वेळ," मी म्हणालो आणि बसलो.